आईला ठेवायचे कुठे?

अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारी सकाळीच आमच्या ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. चहाही न घेता म्हणाले, "भाऊ, संध्याकाळी धाकट्याच्या घरी या. आईला वृद्धाश्रमात टाकायला निघालाय तो. तुम्ही चार शब्द सुनवा. तुमचं ऐकेल."

आम्ही पडलो कारकून माणूस. दिवसा कार्यालयात टिपणे लिहायची आणि संध्याकाळी वस्तीतील लोकांचे अर्ज लिहायचे, हाच आमचा उद्योग. त्यामुळे कुठे घरगुती तंटा झाला की लोक हक्काने बोलावतात. आम्हीही तयारीनेच गेलो. ज्या मातेने हातात झाडू घेऊन लेकरांच्या हातात पाटी दिली, तिला म्हातारपणी परक्याच्या दारात टाकणे हा समाजाला कलंक आहे, असे भाषण आम्ही रमाई जयंतीच्या कार्यक्रमात दोन वेळा केलेले आहे. टाळ्याही घेतल्या आहेत. त्या संध्याकाळी मात्र ते भाषण आमच्या तोंडून निघाले नाही. का निघाले नाही, ते वाचक बंधू-भगिनींना सांगावे म्हणून आज हा विषय घेतला आहे.

घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. आई ७८ वर्षांच्या. नवरा नगरपालिकेत सफाई कामगार होता, तो गेल्यावर वारसा हक्काने झाडू त्यांच्या हाती आला. पुढची अनेक वर्षे पहाटे पाचला उठून त्यांनी चौकीवर हजेरी लावली. आता गेली दोन वर्षे त्यांना विस्मरण झाले आहे. नातवंडांची नावे जातात, जेवले की नाही ते आठवत नाही. पण पहाटे पाचला जाग मात्र बरोबर येते. "मुकादम खाडा मांडेल" म्हणत त्या निघतात. दोनदा त्या स्टेशनवर सापडल्या, एकदा रुळांच्या कडेला.

धाकटा मुलगा कंत्राटी चालक, सकाळी सहाला घर सोडतो. त्याची पत्नी ब्युरोमार्फत पेशंट सांभाळण्याचे काम करते. आठ ते आठ अशी तिची पाळी. दादरच्या एका घरात एक आजी अंथरुणाला खिळून आहेत, त्यांचे सारे ही करते. सातला ती बाहेर पडते. मुलगी दहावीला, तीही सकाळी शाळेत जाते. मग सकाळी सातपासून दुपारी दीडपर्यंत घरात म्हातारी एकटी. बाहेरून कडी. उशाशी पाण्याची बाटली आणि डब्यात पोळीचा कुस्करा.

आम्ही बसलो होतो तेव्हा ती सून हळूच म्हणाली, "भाऊ, मी दुसऱ्याच्या सासूला दिवसभर कुशीवर वळवते, भरवते. माझ्या सासूला कडी लावून जाते. रोज कडी लावताना हात थरथरतो. घरात आग लागली तर?"

दीड वाजता शाळेतून आल्यावर ती दहावीची पोर आजीचे ओले कपडे बदलते, धुते आणि आई येईपर्यंत आजीच्या राखणीला बसते. शिकवणी तिने दिवाळीनंतर सोडली होती. हे तिने कोणाला सांगितलेही नव्हते. त्या बैठकीत तिच्या वडिलांना ते प्रथम कळले.

आता सांगा, आम्ही कोणाला कोणते चार शब्द सुनवायचे? थोरल्याचा फ्लॅट बदलापूरला आहे. "आईला वृद्धाश्रमात जाऊ देणार नाही," असे तो छातीवर हात ठेवून म्हणत होता. "मग तुम्ही न्या," असे धाकटी सून म्हणताच तो गप्प झाला. बहीण नाशिकला दिलेली. ती फोनवर नुसती रडत होती.

एक गोष्ट आमच्या कानाला खटकली. थोरला म्हणत होता "टाकायचे", धाकटा म्हणत होता "ठेवायचे". दोन्ही शब्द सामानाचे. आई कोपऱ्यात बसून साऱ्यांच्या तोंडाकडे पाहत होती आणि तिला कोणी काही विचारीत नव्हते. आम्हीही विचारले नाही.

घरी येऊन आम्ही हे सारे आमच्या पत्नीला सांगितले. आमचे वडील कालकथित होऊन सहा वर्षे झाली. पक्षाघाताने ते चौदा महिने अंथरुणावर होते आणि घरीच गेले. "आम्ही वडिलांना शेवटपर्यंत घरी सांभाळले," असे आम्ही अभिमानाने सांगत असतो. ते ऐकून पत्नी म्हणाली, "आम्ही म्हणजे कोण? तुम्ही ऑफिसला होता. तेव्हाची माझी कंबर अजून धरते. मला त्याचं दुःख नाही, बाबांनी मला लेकीसारखं वागवलं. पण हिशेबात माझं नाव तरी लिहा." आम्हांला उत्तर सुचले नाही. आम्ही बी.कॉम. झालेला माणूस, परंतु आमच्याच घरच्या वहीत एक खाते आम्ही कोरे सोडले होते.

म्हणून दुसऱ्या बैठकीला आम्ही भाषणाऐवजी कागद-पेन्सिल घेऊन गेलो आणि तिन्ही भावंडांना समोर बसवून जमाखर्च मांडला. आईचे निवृत्तिवेतन १४ हजार. ब्युरोने कमिशन कापून सुनेच्या हाती येतात १५ हजार. तिने काम सोडून घरी बसावे असे थोरल्याचे म्हणणे होते. म्हणजे "फुकटात घरी सांभाळणे" हे दरमहा १५ हजारांना पडते, आणि ते सारे एकट्या धाकट्याच्या चुलीतून जातात. दिवसपाळीला दुसरी बाई ठेवावी तर ब्युरोने २१ हजार सांगितले. बदलापूरच्या पुढे एक शुश्रूषा केंद्र आहे, तेथे महिना १८ हजार. डायपर व औषधे वेगळी, ती चारेक हजारांची. एकूण २२ हजार. त्यातून आईचे १४ गेले की उरले ८ हजार. ते तिघांत वाटायचे.

हा कागद पाहिल्यावर आवाज खाली आले. जो पैसा द्यायचा नाही, जो वेळ द्यायचा नाही, त्याने केवळ इज्जतीचे नाव घेऊन दुसऱ्याच्या बायकोला राबवायचे, हे कागदावर फार उघडे दिसते.

परंतु पैशाचा हिशेब हा अर्धाच हिशेब होय. त्याआधी आणि त्यानंतर करायच्या काही गोष्टी आम्ही या प्रकरणात शिकलो, त्या क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, आधी डॉक्टर. म्हातारपणी सगळेच विसरतात, असे म्हणून आपण बसून राहतो. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी, चुकीची औषधे यांनीही विसराळूपणा येतो किंवा वाढतो, आणि त्यावर उपचार आहेत. मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांतील मनोविकार विभागात हे तपासून मिळते. या मावशींना झोप यावी म्हणून कोणीतरी दुकानातून आणून दिलेली गोळी चालू होती. डॉक्टरांनी ती बंद केली. आजार बरा होणारा नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितले, पण गोळी थांबल्यावर मावशींची गुंगी उतरली. आणखी एक ध्यानात ठेवा. शस्त्रक्रियेनंतर किंवा लघवीच्या संसर्गाने म्हातारी माणसे अचानक भ्रमिष्टासारखी बोलू लागतात. ते पुष्कळदा काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरते. त्यामुळे दवाखान्याच्या जिन्यात उभे राहून असला निर्णय कधीही घेऊ नये.

दुसरी गोष्ट, त्या माणसाला विचारा. विसरणाऱ्या माणसाला मत नसते असे नाही. या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढतो, सकाळी डोके त्या मानाने स्वच्छ असते. म्हणून आम्ही एका रविवारी सकाळी आठला गेलो. विचारले, "मावशी, तुम्हाला कुठं राहायला आवडेल?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कडी नको." थोड्या वेळाने म्हणाल्या, "चार वाजता चहा द्या." आणि शेवटी, "रेशनकार्डावरचं माझं नाव काढू नका रे."

थोरला ढसाढसा रडला. एवढ्या तीन मागण्या! त्यातली तिसरी आपल्या माणसांना समजावून सांगायला नको. नाव कार्डावर आहे तोवर माणूस घरचे आहे.

तिसरी गोष्ट, जागा नीट पाहा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की लोकांना छोटा खाजगी दवाखाना वाटतो, आणि ते बरोबरच आहे. त्याची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते. वृद्धाश्रम निराळा. तो बहुधा विश्वस्त संस्था वा नोंदणीकृत संस्था चालवते. सरकारी अनुदानावरचे वृद्धाश्रम आहेत, १९९५ नंतर 'मातोश्री वृद्धाश्रम' ही योजनाही आली. तेथे गरिबांना मोफत वा नाममात्र पैशांत राहता येते. पण असे बहुतेक आश्रम चालत्या-फिरत्या माणसालाच घेतात. अंथरुणाला खिळलेल्या किंवा वाट विसरणाऱ्या माणसासाठी शुश्रूषा केंद्रच पाहावे लागते, आणि ते पैसे घेणारे असते. तेव्हा कोणत्या नोंदणीवर चालते, हा पहिला प्रश्न विचारा आणि कागद पाहा.

मग जेवणाच्या वेळी, न कळवता जा. आत शिरताच वास काय सांगतो ते पाहा. रात्री किती माणसांमागे एक बाई असते? जो स्वतः हलू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. येथे कोण वळवते, कुठे लिहून ठेवते? कोणाचे हात बांधून ठेवतात काय? रात्री दुखले-खुपले तर कोणत्या दवाखान्यात नेतात आणि त्याचा खर्च कोणाचा? अनामत रक्कम परत कशी मिळणार, ते लेखी द्या म्हणावे. पावती द्यायला जो टाळतो, त्याच्या दारातून मागे फिरावे.

आपल्या समाजाने आणखी एक गोष्ट पाहावी. आम्ही गेलो होतो त्यांपैकी एका ठिकाणी आडनाव सांगताच व्यवस्थापकांचा आवाज बदलला. जागा आहे म्हणणारे लगेच जागा नाही म्हणू लागले. ज्या बाईने आयुष्यभर गावाची घाण काढली, तिला उतारवयात पुन्हा तोच आवाज ऐकायला लावायचा नाही. सकाळी तेथे प्रार्थना कोणती होते आणि आपल्या माणसाने त्रिसरण-पंचशील म्हटले तर चालेल काय, हेही मोकळेपणाने विचारून घ्यावे. दुसऱ्या केंद्रातील बाईंनी "त्यांना पाठ आहे ना, मग आम्हालाही शिकवतील," असे उत्तर दिले. आम्ही तेच केंद्र निवडले.

चौथी गोष्ट, कायदा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण कायदा २००७ साली झाला. त्यात मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखीच जबाबदारी आहे, सज्ञान नातवंडांवरही आहे. लग्न झाले म्हणून मुलगी सुटत नाही. आणि गंमत पाहा, सुनेचे नाव त्या व्याख्येत नाही! कायद्याने जिच्यावर बोजा टाकला नाही, तिच्याच डोक्यावर आपण तो सगळा ठेवतो. न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो. दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. ज्येष्ठ माणसाला टाकून देण्याच्या हेतूने कुठे सोडून निघून जाणे हा तर गुन्हाच आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा विचारून, पाहून, पैसे भरून आणि दर आठवड्याला जाऊन केलेली सोय वेगळी आणि सोडून पळणे वेगळे.

खोलीचेही सांगतो, कारण पुष्कळ घरांत खरे भांडण खोलीचेच असते. इमारत पुनर्विकासात जाणार, खोली आईच्या नावावर, म्हणून आधी अंगठा घ्यायचा आणि मग आश्रम शोधायचा, असे प्रकार आम्ही पाहिले आहेत. ज्या माणसाला वार सांगता येत नाही त्याचा अंगठा घेणे ही चोरी होय. शहाणपणी कोणी घर मुलाच्या नावे करीत असेल तर "माझे पालनपोषण करण्याच्या अटीवर" हे शब्द त्या कागदात लिहूनच घ्यावेत. मुलाने ती अट मोडली तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते.

निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला विसरू नका. माणूस केंद्रात असले तरी तो द्यावा लागतो. ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे, दरमहा दीड हजार, अर्ज तहसील कार्यालयात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. मात्र ते कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर चालते, वृद्धाश्रमाच्या फीला नाही. आणि अडचणीत १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा क्रमांक लक्षात ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत.

आता या घराचे काय झाले ते सांगतो. एक महिना राहून पाहायचे, मग पुन्हा बसायचे असे ठरले. ८ हजारांपैकी थोरल्याने साडेतीन, बहिणीने अडीच आणि धाकट्याने दोन द्यायचे. चार रविवारांची नावे भिंतीवर लिहिली. रेशनकार्ड जसेच्या तसे राहिले.

पहिला आठवडा वाईट गेला. मावशी जेवेनात, पहाटे दार वाजवायच्या. मग सुनेनेच युक्ती काढली. केंद्रातल्या बाईला तिने एक शंभर पानी वही नेऊन दिली. आता रोज पहाटे मावशी उठल्या की ती बाई वहीत रेघ मारते आणि सांगते, "हजेरी लागली, मावशी. आज खाडा नाही." की मावशी शांतपणे पुन्हा आडव्या होतात. पोरगी पुन्हा शिकवणीला जाऊ लागली. थोरल्याचा एक रविवार चुकला, तेव्हा आम्ही त्याला फोन केला. येत्या रविवारी महिना पुरा होतो. मावशींना सकाळी आठ वाजता पुन्हा विचारायचे आहे. त्यांनी "घरी" म्हटले तर घरी आणायचे आणि दुसरा मार्ग शोधायचा, हेही कागदावर लिहिले आहे.

तो दुसरा मार्ग आमच्या डोळ्यांसमोर आहे, आणि त्यासाठीच हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक विहार समितीला आमची विनंती आहे. आमच्या वस्तीतील विहाराला रविवार सोडून आठवडाभर कुलूप असते. त्याच गल्लीत एका खोलीला रोज सकाळी बाहेरून कडी लागत होती. ही दोन दारे एकमेकांपासून पन्नास पावलांवर आहेत. सकाळी सात ते संध्याकाळी सात विहार उघडा ठेवला, चार गाद्या, एक पंखा, स्वच्छ संडास आणि चहाची सोय केली, तर वस्तीतील सात-आठ म्हाताऱ्या माणसांना दिवसाचा आसरा होईल. सांभाळण्याचे काम जाणणाऱ्या भगिनी आपल्याच वस्तीत आहेत. त्या रोज लोकलने दादर-पार्ल्याला जाऊन परक्यांचे माय-बाप सांभाळतात. त्यांतील दोघींना वर्गणीतून पगार दिला तर त्यांचा प्रवास वाचेल आणि आपली माणसे आपल्यात राहतील.

हा प्रस्ताव आम्ही समितीपुढे ठेवला. दोन सभासद म्हणाले, "विहारात मलमूत्राची माणसे कशी आणायची? पावित्र्य राहील काय?" आम्ही त्यांना एवढेच स्मरण दिले, की आपल्याच घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला स्वतः भगवान बुद्धांनी आनंदासह धुतले, उचलून निजवले आणि त्याला न पाहणाऱ्या इतर भिक्खूंना जाब विचारला. ही कथा विनयपिटकात आहे. विषय पुढील बैठकीसाठी ठेवला आहे. आम्ही पाठपुरावा सोडणार नाही.

तोपर्यंत वाचकांनी आपल्या घरी एक करावे. एका कागदावर लिहावे, की आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसाला कोण उठवते, कोण न्हाऊ घालते, कोण रात्री जागते. नावे आणि तास, दोन्ही लिहावेत. आम्ही आमच्या वहीत सहा वर्षे उशिरा का होईना, चौदा महिन्यांपुढे पत्नीचे नाव लिहिले आणि तिला दाखवले. ती काही बोलली नाही. वही मात्र तिने आपल्या ट्रंकेत ठेवली आहे.